वर्धा रोडच्या लॉनवर उडवायला कोणता ड्रोन घेऊ?

(पत्र संक्षिप्त केलं आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

प्रश्न: वय ३४. नागपुरात मानेवाड्याकडे माझा लहानसा स्टुडिओ आहे. मुख्य काम लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ. बहुतेक ऑर्डर वर्धा रोड, मनीषनगर, बेसा भागातल्या लॉनवरच्या असतात. आजकाल ऑर्डर देणारी पार्टी रेट विचारायच्या आधी ‘ड्रोन आहे ना?’ असं विचारते. गेल्या वर्षभरात ९ लग्नांत ड्रोन लावला आणि दरवेळी बाहेरच्या ऑपरेटरला ६,००० रुपये दिले. शिवाय उमरेड रोडला लेआउट पाडणारे दोन बिल्डर दर महिन्याला कामाच्या प्रगतीचा व्हिडिओ करून द्याल का, असं विचारताहेत. आता स्वतःचाच ड्रोन घ्यावा म्हणतो. मनात डीजेआय या चिनी कंपनीचा मॅव्हिक ३ प्रो आहे. जास्तीच्या बॅटऱ्या आणि फिल्टर धरून विक्रेत्याने ३ लाख २५ हजार सांगितले. बिल कच्चं मिळेल, पण ‘कागद कोणी विचारत नाही’ असं तो म्हणतो. मेहुण्याचं म्हणणं, २५० ग्रॅमच्या आतला घे, त्याला नियमच नाहीत. बायको म्हणते, मुलीच्या नावाची एफडी मोडायची नाही आणि पतसंस्थेचं कर्जही काढायचं नाही. मला मात्र वाटतं, मोठा कॅमेरा असला की क्वालिटी दिसेल आणि मोठ्या ऑर्डर येतील. कोणता घेऊ?

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. बहुतेक लग्नं वर्धा रोड, मनीषनगर, बेसा भागात असतात, ही ती गोष्ट. लेन्स, सेन्सर, बॅटरी यांच्याकडे वळण्याआधी मला याच ओळीपाशी थांबायचं आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

नागपूरचा विमानतळ गावाबाहेर नाही, गावात आहे. सोनेगावच्या त्या धावपट्टीभोवती शहर वाढलं. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत हिरवा झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणारा भाग, नसतो. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासून ६० मीटरपर्यंतच मोकळीक आहे. त्याच्याही पलीकडे, नकाशावर दुसरी कुठली बंदी नसेल तर, १२० मीटरपर्यंत. पिवळ्या झोनमध्ये उडवायला हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लाल झोनमध्ये केंद्र सरकारची. आता नकाशावर सोनेगावभोवती ८ किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहा. मनीषनगर आत, बेसा आत, धरमपेठ आत, बर्डीसुद्धा आत. तुमचा मानेवाड्याचा स्टुडिओही आत. वर्धा रोडची लॉन्स तर विमानतळाच्या शेजारीच. फुटाळा तलावावरचा सूर्यास्त वरून घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, पण तोही याच वर्तुळात येतो आणि वायुसेनानगर तिथून जवळ आहे. उत्तरेला कामठीची छावणी, पश्चिमेला अंबाझरीची आयुध निर्माणी. एवढ्या संवेदनशील जागा एकाच शहरात असल्यामुळे नागपुरात ड्रोन घेणाऱ्याने आधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा नकाशा उघडावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी, असं माझं ठाम मत आहे.

याचा अर्थ सरळ आहे. ज्या कामासाठी तुम्ही सव्वातीन लाख घालायला निघालात, ते काम ज्या जागी होतं तिथे तो ड्रोन परवानगीशिवाय उडवताच येत नाही. मोठा नाही आणि छोटाही नाही.

तुमच्या मेहुण्यांच्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ वर्गात मोडतो आणि तो चालवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, धंद्यासाठी वापरला तरीही. त्याला टाइप सर्टिफिकेटची, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मान्यता असण्याची, अटही नाही. पण ही सूट तेवढ्यापुरतीच आहे. झोनचे नियम त्यालाही लागू होतात. विमानाच्या वाटेत २४९ ग्रॅमचं यंत्र आलं तरी धोका तो धोकाच. पोलीस आयुक्तांनी एखाद्या भागात बंदीचा आदेश काढला असेल, तर त्यात ग्रॅम मोजले जात नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. काही नॅनो ड्रोनना जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी मिळते. ती लावली की वजन २५० ग्रॅमच्या वर जातं आणि वर्गच बदलतो.

वर्ग बदलला की काय होतं तेही पाहू. २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंत तो ‘मायक्रो’ होतो. मॅव्हिक ३ प्रो सुमारे ९६० ग्रॅमचा आहे, म्हणजे मायक्रोच. हौसेसाठी मायक्रो उडवणाऱ्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण तुम्ही पैसे घेऊन काम करणार, म्हणून तुम्हाला लागतं. ड्रोनच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट हवं, तुमच्या नावावर नोंदणी होऊन यूआयएन (ड्रोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) हवा, तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा हवा. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

इथेच तुमच्या विक्रेत्याच्या कच्च्या बिलाचा उलगडा होतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी बनावटीचे ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच अपवाद आहे. सुटे भाग आणता येतात, तयार ड्रोन नाही. मग त्यानंतर बाजारात आलेला मॅव्हिक ३ प्रो तुमच्या विक्रेत्याकडे कुठल्या वाटेने पोहोचला, हे तो कागदावर लिहून देऊ शकत नाही. म्हणून कच्चं बिल. पक्कं बिल नसेल तर विमा उतरवताना अडचण येणार, जीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही, आयकरात घसारा दाखवता येणार नाही आणि उद्या बिघडला तर वॉरंटीचं कार्ड शोभेचं. ‘कागद कोणी विचारत नाही’ हे रोजच्या दिवसाला खरं वाटतं. पण वरात दारात असताना कुणाच्या तक्रारीवरून पोलीस आले, तर नवरीच्या बापासमोर उत्तर द्यायला विक्रेता तिथे नसेल. तुम्ही असाल. फोटोग्राफरचा धंदा एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानावर वाढतो आणि तसाच मोडतोही. तुम्ही मेहनतीने कमावलेलं नाव एका संध्याकाळच्या शॉटसाठी पणाला लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता कॅमेऱ्याकडे येऊ, कारण ‘मोठा सेन्सर म्हणजे क्वालिटी’ हे गृहीतकही तपासायला हवं. मॅव्हिक ३ प्रोचा मुख्य सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, फोर-थर्ड्स आहे, साधारण १७ बाय १३ मिलिमीटर. त्याच कंपनीच्या, नॅनो वर्गातल्या मिनी ४ प्रोचा सेन्सर १/१.३ इंची. क्षेत्रफळात पहिला दुसऱ्याच्या तिपटीहून मोठा. दिवसाच्या उन्हात हा फरक नक्की दिसतो: सावलीतला तपशील, आकाशातले उजळ भाग, मोठी प्रिंट. पण लग्नं रात्रीची. मोठ्या ड्रोनच्या लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) जास्तीत जास्त एफ/२.८ पर्यंत उघडतं, छोट्याचं एफ/१.७ असतं; आकडा लहान तितकं छिद्र मोठं. त्यामुळे छोट्यात सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर सुमारे २.७ पट प्रकाश पडतो. सेन्सरमध्ये जे गमावलं त्यातलं बरंचसं लेन्समध्ये भरून येतं. रात्रीच्या लॉनवर, लायटिंगच्या माळा आणि स्टेजचे एलईडी यांच्या उजेडात, या दोघांतला फरक किमतीच्या फरकाइतका कधीच नसतो. मोठ्याचा खरा फायदा दुसरीकडे आहे. त्याचं छिद्र एफ/११ पर्यंत मिटवता येतं, आणि ७० व १६६ मिलिमीटरच्या लांब लेन्समुळे दुरून, माणसांच्या डोक्यावर न जाता शॉट घेता येतो. हे गुण फार चांगले आहेत. पण ते ज्या कामात वसूल होतात ते काम आज तुमच्याकडे आहे का?

हिशेबच करून पाहू या. वर्षभरात ९ वेळा ६,००० म्हणजे ५४,०००. सव्वातीन लाखांचा ड्रोन याच गतीने वसूल व्हायला सहा वर्षं लागतील, तेही पतसंस्थेचं व्याज न धरता. सहा वर्षं बॅटऱ्या टिकत नाहीत, नागपुरात तर नाहीच. या वर्गातल्या ड्रोनच्या माहितीपत्रकात कामाचं तापमान उणे १० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे लग्नसराई एप्रिल-मे महिन्यांत असते आणि पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारच्या वरातीत, तापलेल्या डांबरावरून उडवलं तर बॅटरी फुगणं, मोबाइल तापून स्क्रीन बंद पडणं, मोटरवर ताण येणं हे सगळं ठरलेलं. चार्ज केलेल्या बॅटऱ्या गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका, हे भाड्याने ड्रोन लावणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. आणि माहितीपत्रकात ३४ किंवा ४३ मिनिटं लिहिली असली तरी हाती येणारा वेळ त्याच्या दोनतृतीयांश धरा. परतीसाठी चार्ज राखून ठेवावाच लागतो.

मग लग्नांचं काय? पार्टी ‘ड्रोन आहे ना?’ विचारते तेव्हा तिला नेमकं काय हवं असतं, हे एकदा शांतपणे विचारून बघा. बहुतेकांना शेजारच्या लग्नातले दोन-तीन शॉट डोळ्यांसमोर असतात: नवरा-नवरीची एंट्री वरून, भरलेलं लॉन, आणि दोघं कुठेतरी मोकळ्या जागी चालताना. पूर्ण फिल्ममध्ये ही मिनिटभराची गोष्ट. यातले पहिले दोन शॉट तुम्ही ६ ते ८ मीटरच्या दुमडत्या पोलवर तुमचाच मिररलेस कॅमेरा लावून घेऊ शकता. मोबाइलवर फ्रेम दिसते, आवाज होत नाही, मंगलाष्टकांत घरघर नाही, अक्षता आणि फटाक्यांचा धोका नाही, विमानतळाची परवानगी लागत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर सहसा या दोन्ही ड्रोनहून मोठा, त्यामुळे रात्रीचा फोटो जास्त स्वच्छ येतो. पोलखाली माणूस उभा ठेवा आणि वारा सुटला तर उतरवा, एवढीच काळजी. मला हा उपाय इतका पटलेला आहे की शहरातल्या लॉनवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ड्रोनच्या आधी पोल घ्यावा असं मी सांगेन.

तिसरा शॉट, मोकळ्या जागी चालणारं जोडपं, लग्नाच्या रात्री घ्यायची गरजच नाही. तो प्री-वेडिंगला हलवा. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाकडे किंवा काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत सकाळी सात वाजता जा, नकाशावर झोन पाहून, बागमालकाला विचारून. तिथला सकाळचा उजेड वर्धा रोडच्या लॉनवर कुठल्याच कॅमेऱ्याला मिळणार नाही. फक्त पेंच, उमरेड-करांडला अशा जंगलांच्या हद्दीपासून दूर राहा. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नये. आणि संक्रांतीच्या आगेमागे शहरात कुठेही उडवू नका. नायलॉन मांजा पंख्यात अडकला की ड्रोन दगडासारखा खाली येतो, आणि खाली माणसं असतात.

पार्टीला हे समजावताना लाजू नका. ‘तुमचं लॉन विमानतळाच्या हद्दीत येतं, तिथे आम्ही ड्रोन उडवत नाही, पण प्री-वेडिंगला देतो’ असं स्पष्ट सांगणारा फोटोग्राफर लोकांना जबाबदार वाटतो. काही जण तरीही दुसरीकडे जातील. त्यांना जाऊ द्या. भाड्याने ऑपरेटर लावायचाच असेल तर तुमची जबाबदारी संपत नाही: त्याचं पायलट सर्टिफिकेट, ड्रोनचा यूआयएन, विमा आणि त्या जागेची परवानगी, चारही गोष्टी ऑर्डर घेण्याआधी व्हॉट्सॲपवर मागवून घ्या.

आता तुमच्या पत्रातला तो भाग, ज्याकडे तुम्ही स्वतःच फारसं लक्ष दिलेलं नाही. उमरेड रोडचे दोन बिल्डर. माझ्या मते तुमचा ड्रोन लग्नांनी नाही, या लेआउटांनी वसूल होईल. हे काम दिवसाचं आहे, दर महिन्याला ठरलेलं आहे, माणसांच्या डोक्यावर उडवायचं नाही. पाचगावकडच्या बाजूला गेलं की विमानतळाचं १२ किलोमीटरचं वर्तुळ मागे पडतं. दिवसाच्या उजेडात नॅनोचा छोटा सेन्सर अशा कामाला पुरतो, कारण बिल्डर हे व्हिडिओ मोबाइलवर गिऱ्हाइकांना पाठवणार आहे, पडद्यावर दाखवणार नाही.

पण या कामाला एक वेगळीच गोष्ट लागते. प्रगतीचा व्हिडिओ म्हणजे दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच कोनातून घेतलेलं चित्र. तेव्हाच रस्ते, गटार लाइन, विजेचे खांब, कंपाउंड कसे उभे राहत गेले ते दिसतं. त्यासाठी ड्रोनमध्ये वेपॉइंटची सोय हवी: एकदा मार्ग आखून साठवला की पुढच्या महिन्यात तोच मार्ग पुन्हा उडवता येतो. मिनी ४ प्रोला ती आहे, त्याच्या आधीच्या मिनी ३ प्रोला नव्हती. तुमच्यासाठी तीन लेन्सपेक्षा ही एक सोय मोलाची आहे. दुसरी, रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. तिसरी, कॅमेरा उभा फिरवून रील काढता येणं, कारण बिल्डरही आता उभाच व्हिडिओ मागतात. वाऱ्याचं मात्र ध्यानात ठेवा. हलका ड्रोन उघड्या माळावर झोके खातो, मे महिन्याच्या संध्याकाळी तर जास्तच. सकाळी सात ते नऊ ही वेळ ठेवली तर वाराही कमी, तापमानही ४० च्या खाली, आणि लांब सावल्यांमुळे जमिनीचे चढ-उतार उठून दिसतात.

पुढे एखाद्या बिल्डरने मोजणीचा नकाशा मागितला, तर ते काम मात्र स्वीकारू नका, निदान आत्ता नाही. मॅपिंगला यांत्रिक शटर आणि जागेची अचूक नोंद करणारी आरटीके यंत्रणा असलेला वेगळा ड्रोन लागतो. भारतीय कंपन्यांचे टाइप सर्टिफिकेट मिळालेले ड्रोन या क्षेत्रात आहेत. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पण त्या किमती आणि ते कौशल्य दोन्ही वेगळ्या पातळीवरचं आहे.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? या हंगामात मोठा ड्रोन घेतला नसता. पोल घेतला असता. बिल्डरांपैकी एकाशी दोन महिन्यांचं काम कागदावर ठरवून, दोन्ही महिने कागदपत्रं नीट असलेला ऑपरेटर नेऊन करून दिलं असतं. बिल्डर वेळेवर पैसे देतो का, हे कळायलाही दोन महिने लागतातच. काम टिकतंय असं दिसलं की २५० ग्रॅमच्या आतला, भारतात तयार झालेला, पक्क्या जीएसटी बिलाचा ड्रोन. परदेशी नॅनोलाही आयातबंदी लागू आहे, म्हणून मिनी ४ प्रोचा उल्लेख मी फक्त तुलनेसाठी केला. देशी नॅनोचं चित्र त्याच्या तोडीचं असेलच असं नाही, त्यामुळे विकत घेण्याआधी एक दिवस तो भाड्याने किंवा डेमोसाठी मागा, उमरेड रोडला नेऊन उडवा, रॉ फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर उघडा आणि कोपरे मोठे करून बघा. दुरुस्ती कोण करणार, पंखे आणि बॅटरी किती दिवसांत मिळणार, हे लेखी घ्या. सीरियल नंबर बिलावर असलाच पाहिजे. कुणी वापरलेला मायक्रो स्वस्तात देत असेल, तर आधी त्याचा यूआयएन बघा आणि तो डीजीसीएच्या पोर्टलवर तुमच्या नावावर होतोय याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायलट सर्टिफिकेट नॅनोला लागत नसलं तरी घ्या असा माझा आग्रह आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, स्टुडिओ रिकामा असतो. तेच दिवस यासाठी चांगले. वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास, आणि डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण, एवढ्याच अटी आहेत. पूर्वी पासपोर्ट लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. सर्टिफिकेट १० वर्षांचं असतं. संस्था निवडताना तिचं नाव डीजीसीएच्या यादीत आहे का ते बघा, आणि प्रत्यक्ष उड्डाण किती तास देणार ते विचारा. सिम्युलेटरवर दिवस काढणाऱ्या संस्था टाळा.

तुमच्या पत्नीचं म्हणणं तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय. मला ते तुमच्या पत्रातलं सगळ्यात व्यवहारी मत वाटलं. मुलीच्या एफडीला हात न लावता, कर्ज न काढता हे सगळं करता येतं, कारण पोल, प्रशिक्षण आणि नॅनो हे तिन्ही एकाच वेळी घ्यायचं नाही. लग्नसराईच्या कमाईतून पोल, पावसाळ्यात प्रशिक्षण, आणि बिल्डरचे पहिले दोन-तीन हप्ते जमा झाल्यावर ड्रोन, या क्रमाने चला.

बिल्डरशी बोलताना एका उड्डाणाचा दर सांगू नका, महिन्याचा सांगा, आणि त्यात प्रवास, एडिटिंग, फाइल वर्षभर सांभाळणं हे धरा. वारा किंवा पाऊस असला तर तारीख पुढे जाईल, हे त्याच कागदावर लिहून घ्या.